टॅम्पा बे बुकनिअर्स संघ सुरुवातीला सलग किती सामने हरला होता?

सलग 26. फ्लोरिडातला हा संघ 1976 मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये नव्याने दाखल झाला. पहिल्या हंगामात चौदाच्या चौदा सामने हरला, पुढच्या हंगामात आणखी बारा. नव्या संघाच्या वाट्याला बहुतेक इतरांनी सोडलेले खेळाडू येत, हे त्यामागचं मोठं कारण. 11 डिसेंबर 1977 ला न्यू ऑर्लिन्समध्ये तिथल्या सेंट्स संघाला 33-14 असं हरवून पहिला विजय मिळाला. त्या दिवशी बचावफळीने प्रतिस्पर्ध्यांचे तीन पास मधेच पकडून थेट टचडाउन केले, म्हणजे चेंडू गोलपट्ट्यात नेऊन गुण मिळवले! मला मात्र 1979 चं जास्त अप्रूप वाटतं: प्रशिक्षक सुरुवातीपासूनचे जॉन मॅकेच, आणि संघ सुपर बोलपासून, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापासून, फक्त एक सामना दूर. सुपर बोल पुढे दोनदा जिंकला, 2003 आणि 2021 मध्ये.