विम्याच्या दाव्यांत नव्याने उतरणाऱ्या वकिलासाठी
फाइल हातात आली की बहुतेक जण आधी दावा वाचतात. तू पॉलिसीपासून सुरुवात कर, आणि तीही शेवटच्या पानापर्यंत वाच. मूळ कलमाने दिलेलं संरक्षण मागे जोडलेल्या एंडॉर्समेंटने (पॉलिसीच्या अटी बदलणाऱ्या पुरवणीने) काढून घेतलेलं असतं, कधी उलटंही असतं.

पाण्याच्या नुकसानीचंच बघ. पाइप अचानक फुटला तर घरविम्यात सहसा भरपाई मिळते. महिनोन्महिने झिरपत राहिला तर सहसा मिळत नाही. म्हणून पाइपच्या तुकड्यावरचा गंज, भिंतीवरच्या डागांच्या कडा यांचे फोटो लगेच मागव आणि तो तुकडा जपून ठेवायला सांग. दुरुस्ती झाली की पुरावा गेला. नुकसान पॉलिसीत बसतं हे विमाधारकाने दाखवायचं, अपवाद लागू होतो हे कंपनीने. शब्द खरोखरच संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ साधारणपणे पॉलिसी लिहिणाऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या विरुद्ध लावला जातो, हे बचाव उभा करतानाच धरून चाल.

तिसऱ्याच कुणी विमाधारकावर दावा लावला आणि कंपनीने तुला त्याच्या बचावासाठी नेमलं, तर मात्र फार जपून. फी कंपनी देते, तरी तो तुझा अशील आहे. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याचंच संरक्षण नाकारायला वापरणं मला अक्षम्य वाटतं. पॉलिसी लागू होते की नाही हा वाद दुसऱ्या वकिलाकडे जाऊ दे. हक्क राखून ठेवल्याचं पत्र, म्हणजे आत्ता बचाव करतो पण पुढे संरक्षण नाकारण्याचा हक्क सोडत नाही असं सांगणारं पत्र, कंपनीने विमाधारकाला वेळेत पाठवावं आणि आक्षेप कोणत्या कलमावर आहे ते त्यात नेमकं लिहावं.