तिसऱ्यांदा नीट, की बलून कॅथेटर?

गुहागर तालुक्यातील एका वडिलांचे पत्र आले आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीच्या नळ्या, बसवण्यात आले. त्यांची मुलगी १९ वर्षांची आहे. तिने नीट दोनदा दिली आणि दोन्ही वेळा सरकारी महाविद्यालयातील जागेपासून ती बरीच दूर राहिली. यंदा अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीत (पीसीएम गटात) मात्र तिला ९४ पर्सेंटाइल मिळाले आहेत. ज्या बलून कॅथेटरवर, म्हणजे टोकाला फुगा असलेल्या लांब बारीक नळीवर, बसवून स्टेंट आत नेतात, त्याच्या डिझाइनमध्ये काम करायचे, असे ती म्हणते. वडिलांचा प्रश्न एवढाच आहे की तिसऱ्या प्रयत्नासाठी तिला लातूरला पाठवावे की कोट्याला.

सप्रेम नमस्कार.

लातूरलाही नको आणि कोट्यालाही नको, हे माझे उत्तर आहे. त्याची कारणे पुढे सांगतेच, परंतु आपल्या पत्रातील एका वाक्याविषयी आधी बोलणे मला भाग आहे, कारण मुलीच्या गुणांपेक्षा त्याच वाक्याची मला अधिक काळजी वाटते. आपण लिहिता, ‘माझ्या छातीत दोन स्टेंट आहेत, मला आता धक्का सोसणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगून ठेवले आहे.’ पुढे तिच्या आईचेही म्हणणे दिले आहे की, ‘बाबांसाठी तरी एवढे कर.’

हे आपण रागाने लिहिलेले नाही, हे मला दिसते. आजारपणातून उठलेल्या माणसाला मुलांचे सगळे लवकर मार्गी लागावे असे वाटते, आणि ज्या डॉक्टरांनी आपल्याला वाचवले त्यांच्या जागी आपली मुलगी उभी राहावी ही इच्छाही स्वाभाविक आहे. परंतु या वाक्याचा तिच्यावर काय परिणाम होत असेल याचा विचार करावा. तिसऱ्यांदा गुण कमी पडले, तर आपण परीक्षेत मागे पडलो एवढेच तिला वाटणार नाही. आपण बाबांना इजा केली असे वाटेल. उद्या साखर वाढल्यामुळे, पथ्य मोडल्यामुळे किंवा मूळ आजारच पुढे सरकल्यामुळे आपल्याला पुन्हा रुग्णालयात जावे लागले, तरी त्याचा दोष ती स्वतःकडे घेईल आणि तो तिच्या मनातून काढणे पुढे कोणालाही जमणार नाही. आपल्या हृदयाला किती ताण चालतो, हा प्रश्न आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचा आहे. तो एकोणीस वर्षांच्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवू नये. आपण हे वाक्य तिच्यासमोर, स्पष्ट शब्दांत, मागे घ्यावे अशी माझी विनंती आहे. ते मागे घेतले जाईपर्यंत कोणत्याही शाखेविषयी ती मोकळेपणाने बोलू शकणार नाही, आणि तोवर मी देत असलेल्या सल्ल्यालाही फारसा अर्थ राहणार नाही.

आता मुलीविषयी. तीन पानांच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे आणि तीही तक्रारीची: ‘अभ्यास सोडून कलमांच्या ठिबकच्या नळ्या वेड्यावाकड्या वाकवते आणि त्यातून सायकलच्या ब्रेकची तार पलीकडे ढकलत बसते.’ ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बलून कॅथेटर तयार करणाऱ्या कारखान्यांत हीच चाचणी घेतली जाते. रक्तवाहिनीसारखी वळणे असलेल्या मार्गातून कॅथेटर पुढे सारायचे, मागून लावलेल्या जोरापैकी किती टोकापर्यंत पोहोचला ते मोजायचे, आणि कोणत्या वळणावर ते अडले किंवा मुडपले याची नोंद ठेवायची. आपल्या मुलीला हे कोणी शिकवलेले नाही. आपल्यावर झालेले उपचार समजून घेताना ती स्वतःच त्या प्रश्नापाशी पोहोचली आहे. ते बिनकामाचे खेळणे आहे असे कृपया समजू नये.

आपण असेही लिहिले आहे की, ‘असली साधने शेवटी डॉक्टरच शोधून काढतात, तो फुगा म्हणजे नुसते प्लॅस्टिक, त्यात शिकण्यासारखे काय आहे?’ या समजाला वरवर पाहता आधार आहे. आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बलून फुगवून पहिली अँजिओप्लास्टी केली, आणि त्यांची सुरुवातीची कॅथेटरे त्यांनी खरोखरच घरच्या स्वयंपाकघरात बनवली होती. परंतु रबरासारखा वाटेल तसा न फुगता ठरलेल्या आकारावर थांबणारा फुगा कशाचा करावा, हे त्यांना सुचत नव्हते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील हॉफ नावाच्या निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना पीव्हीसीकडे वळवले. म्हणजे पहिल्या बलूनमागेही प्लॅस्टिक जाणणारा माणूस होताच. रुग्णाच्या शरीरात पहिला स्टेंट बसला तो १९८६ साली, आणि त्यानंतर हे काम स्वयंपाकघरात होण्याच्या पलीकडे गेले. सुरुवातीच्या काळात डॉक्टर स्टेंट हातानेच दाबून बलूनवर बसवत, आणि तो वाटेत निसटण्याचा धोका असे. आज मनगटातून किंवा जांघेतून शिरणारे सुमारे १४० सेंटीमीटर लांबीचे कॅथेटर ०.०१४ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या, तारेवरून हृदयापर्यंत न्यायचे असते. हाताकडचा भाग स्टीलच्या बारीक नळीचा असतो, कारण जोर पुढे पोहोचायला हवा. टोकाकडचा भाग मऊ प्लॅस्टिकचा असतो, कारण वळण घेताना रक्तवाहिनीला इजा होता कामा नये. कडक भाग जिथे मऊ भागाला मिळतो तिथे बदल एकदम झाला तर नळी नेमकी तिथेच मुडपते. स्टेंट बसवलेला भाग स्वतःच ताठ असतो, त्यामुळे कॅल्शियम साचलेल्या वळणावर त्याची कड अडकते. म्हणून टोक निमुळते करायचे, बाहेरून पाण्याने निसरडा होणारा लेप द्यायचा, आणि फुग्याच्या घड्या अंगाशी घट्ट गुंडाळून त्यावर स्टेंट आवळायचा. फुग्याची भिंत पातळ केली तर तो अरुंद जागेतून सहज जातो, पण आत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहा-पंधरा पट दाब भरल्यावर त्याने टिकायलाही हवे. दंडगोल आकारात परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. त्यामुळे फुटायचाच झाला तर फुगा लांबीने फाटण्याकडे कल असतो, आणि तो तसाच फाटावा असा प्रयत्नही असतो, कारण आडवा फाटलेला तुकडा बाहेर ओढताना अडकू शकतो. नायलॉनचा कोणता प्रकार घ्यायचा, नळी किती तापवून, किती ताणून साच्यात फुगवायची, यावर हे सगळे अवलंबून असते. हे पदार्थविज्ञान आणि यंत्रशास्त्र आहे, आणि ते एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत शिकवले जात नाही.

याच कारणाने ‘बायोमेडिकल’ हे नाव पाहून तिने घाईने त्या शाखेला पहिली पसंती देऊ नये. आपल्याकडच्या त्या पदवीत बहुतेक भर इलेक्ट्रॉनिक्स आणि रुग्णालयातील यंत्रांवर असतो. तिला जे करायचे आहे त्याच्या जवळची शाखा पॉलिमर किंवा प्लॅस्टिक अभियांत्रिकी, आणि तिच्यानंतर मेकॅनिकल. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमर अभियांत्रिकी आहे, पण तेथील स्पर्धा पाहता ९४ पर्सेंटाइलवर जागा मिळणे अवघड आहे. तरी पसंतीक्रमात ती वर ठेवावी. नागपूरला एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेचा विचार करावा. घराजवळ हवे असेल तर लोणेरे येथील विद्यापीठात मेकॅनिकल आणि पेट्रोकेमिकल दोन्ही आहेत. पदवीनंतर गेट ही पदव्युत्तर अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा देऊन वैद्यकीय उपकरणांच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळता येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत रुग्णालय आणि उपकरणे घडवणारा विभाग एकाच छत्राखाली आहेत, आणि तेथेच घडलेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जात आहे.

कटू बाजूही सांगितली पाहिजे. हे काम तिला गुहागरात मिळणार नाही. स्टेंट आणि बलून कॅथेटर तयार करणारे मोठे भारतीय कारखाने सूरत आणि वापीकडे आहेत, आणि सुरुवातीचा पगार पाहून नातेवाईक डॉक्टर झालेल्या भावंडांशी तुलना करतीलच. पहिली काही वर्षे नवीन काही घडवण्यापेक्षा चाचण्या घेण्यात आणि त्यांची कागदपत्रे लिहिण्यात जातील, कारण शरीरात जाणाऱ्या वस्तूतील लहानसा बदलही पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. शिवाय फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषध सोडणाऱ्या स्टेंटसाठी ती तेव्हा २९,६०० रुपये होती. त्यामुळे उत्तम वस्तू कमी खर्चात करून दाखवणे, हा येथील अभियंत्यांच्या कामाचाच भाग आहे. मला स्वतःला हे काम फार मोलाचे वाटते. आपल्या जिल्ह्यातील किती रुग्णांना छातीत कळ आल्यावर घाट ओलांडून कोल्हापूर किंवा रेल्वेने मुंबई गाठावी लागते, हे आपण अनुभवले आहे. तिथे पोहोचल्यावर स्टेंट पहिल्याच प्रयत्नात जागेवर गेला, तर त्याचे श्रेय डॉक्टरांच्या हाताइतकेच ती नळी घडवणाऱ्यांचेही असते.

एक शक्यता मी नाकारत नाही. तिला स्वतःला डॉक्टर व्हायचे असेल आणि ती केवळ अपयशाला घाबरून दुसरीकडे पाहत असेल, तर गोष्ट वेगळी. ते तिलाच विचारावे. पण आपण दोघे समोर बसून नव्हे. तिच्या एखाद्या विश्वासाच्या शिक्षकांनी किंवा मावशी-आत्यांपैकी कोणी विचारावे, आणि तिचे जे उत्तर येईल ते आपण मान्य कराल असा शब्द आधी द्यावा. पत्रावरून तरी ती घाबरलेली वाटत नाही.

लातूरच्या क्लासची आगाऊ रक्कम भरली नसेल तर भरू नये. भरली असेल तर परताव्यासाठी याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा. प्रवेश फेरीची नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी राहिली असेल तर ती तातडीने पूर्ण करावी, कारण ती मुदत चुकली तर आणखी एक वर्ष नाइलाजाने जाईल. पसंतीक्रम तिने स्वतः भरावा आणि आपण तो केवळ वाचून पाहावा. पुढचे पत्र तिने लिहावे, आणि तारेला कोणत्या वळणावर सर्वांत जास्त जोर लागला, ते त्यात मला कळवावे.