फुलर म्हणजे 'जास्त भरलेला' नव्हे!

तुमच्या परदेशी क्लायंटचं आडनाव फुलर आहे आणि ते 'फुल' म्हणजे भरलेला यावरून आलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. अजिबात नाही.

माझी नोकरी लोकरीच्या गिरणीत, फिनिशिंग खात्यात झाली. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. ते गरम पाण्यात, साबणात दाबून चोळलं की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं, दाट होतं. आम्ही याला मिलिंग म्हणायचो, जुना इंग्रजी शब्द फुलिंग. ते करणारा तो फुलर. लॅटिनमध्ये फुल्लो. रोममध्ये हे लोक हौदात उभे राहून शिळ्या मुतात कापड तुडवायचे, कारण त्यातल्या अमोनियानं तेल सुटतं. व्हेस्पेशियन बादशहानं त्या मुतावरही कर बसवला होता.

हे मी एका साखरपुड्याच्या पंगतीत सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. विषय माझ्या साडूंनी काढला होता. ते इंग्रजीचे प्राध्यापक. भाच्याच्या अमेरिकन साहेबाचं आडनाव फुलर निघालं, तर हे म्हणाले, "फुल, फुलर, फुलेस्ट! खात्यापित्या घरचा दिसतोय." सगळे हसले. मी खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, "तुमच्या खात्यात साबण असेल हो, हा भाषेचा प्रश्न आहे." मी मेहुणीला तिची मुलतानी माती आणायला लावली. पाकिटावर छापलेलं होतं, फुलर्स अर्थ, म्हणजे फुलरची माती. ही माती तेल शोषते म्हणून फुलर ती कापडाला लावायचे, नाव तिथून आलं. साडूंनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "चेहरा फुल दिसतो म्हणून असेल." यावर काय बोलणार!

खरं तर त्यांच्याच भाषेत पुरावे पडलेत. इंग्लंडच्या उत्तरेकडे कापड तुडवणाऱ्याला वॉकर म्हणत, नैर्ऋत्येला डेव्हनकडे टकर. डेव्हनमधल्या एक्सेटरला या लोकांच्या संघाचा टकर्स हॉल आहे, १४७१ सालचा. बाराव्या शतकापासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे आले, पायांचं काम गेलं, आडनावं राहिली. ओलं कापड ताणून वाळवायची चौकट म्हणजे टेंटर. इचलकरंजीत आज कुठल्याही कापड प्रोसेसवाल्याला स्टेंटर विचारा, याच कामाचं मशीन लगेच दाखवेल. 'ऑन टेंटरहुक्स', म्हणजे जीव टांगणीला लागलेला, हा वाक्प्रचार प्राध्यापक मंडळी वर्गात शिकवतात, पण टेंटरच्या त्या हुकांना कापड लटकायचं हे कोणी सांगत नाही.

लोहाराच्या एका हत्यारालाही फुलर म्हणतात, तापलेल्या लोखंडात खोबण पाडायचं. तलवारीच्या पात्यावरच्या लांब खोबणीलाही तेच नाव. ती रक्त वाहून जायला नसते, पात्याचं वजन कमी करायला असते. आडनाव मात्र कापडवाल्यांचंच.

आता एवढंच, की फुलर आडनावाच्या माणसाचा पूर्वज कापड तुडवत असेल तो कित्येक पिढ्यांपूर्वी. क्लायंटशी बोलताना मुताचा विषय काढू नका, मुलतानी मातीवर थांबा. आणि ऑफिसात कोणी इंग्रजीचा एम.ए. 'फुल, फुलर, फुलेस्ट' म्हणालाच, तर त्याला विचारा, मग वॉकर आणि टकर कशाचे कम्पॅरेटिव्ह? आमच्या साडूंनी अजून उत्तर दिलेलं नाही.