गावठाण म्हणजे पांढरी नव्हे

यावल तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गावठाण वाढवण्याच्या ठरावावर त्यांच्याकडे ग्रामसभा चांगलीच तापली. एकाचं म्हणणं, शाळेमागची वस्ती गावठाणच आहे, ठराव कशाला? दुसरा म्हणे, तिथं अजून एन.ए. (बिनशेती) झालेलं नाही. तिसऱ्याला 'येलो झोन' हवा होता. आणि एक आबा शेवटपर्यंत 'पांढरी'च म्हणत राहिले. हे सगळे शब्द एकाच जागेचे का, आणि 'झोन'ला मराठीत काय म्हणावं, असं त्यांनी विचारलं आहे.

एकाच जागेचे असतील, पण एका अर्थाचे नाहीत. आबांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा शब्द सगळ्यांत जुना.

जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे राहायची जागा. (अहिराणीत ळचा य होतो, म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'कायी' ऐकू येईल.) हे रंग मातीचेच आहेत. एकाच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेणामुताचा थर आणि पडलेल्या मातीच्या भिंती साचत गेल्या की ती माती भुरकट पांढरी होते, आणि गाव हळूहळू टेकाडावर चढतं. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे किंवा गिरणाकाठचं बहाळ ही अशीच टेकाडं. 1950च्या दशकात तिथं उत्खननं झाली तेव्हा तळाच्या थरात ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. धाब्याच्या घरांवर पसरायला अशीच पांढरी माती चालते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको.

पुढे हाच शब्द मातीवरून माणसांवर आला. 'समस्त पांढरी' म्हणजे गावची सगळी वस्ती, शेत कसणारे आणि न कसणारेही. पांढरीवर बसवलेल्या कराला पांढरपट्टी म्हणत. म्हणजे शेतीखालच्या जमिनीला एक हिशेब आणि राहत्या जागेला दुसरा, ही कल्पना इंग्रजांनी आणली असं कोणी म्हटलं तर ते मानायचं कारण नाही.

गावठाणाचं तसं नाही. शब्द म्हणून तो सरळ आहे. संस्कृत 'स्थान'चं प्राकृतात 'ठाण' झालं. 'ठाण मांडून बसणं' आणि पोलीस ठाणं यांतही तेच आहे. बोलताना आपण गावठाण आणि वस्ती एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि बिघडत काही नाही. कागदावर मात्र बिघडतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 या कायद्यात गावठाण म्हणजे कलम 122 खाली जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या हद्दीच्या आतली जागा, एवढंच. तिथं किती घरं आहेत, किती वर्षं आहेत, अंगणात तुळस आहे का, याच्याशी त्या व्याख्येला देणंघेणं नाही. पांढरी साचत साचत होते, गावठाण आखावं लागतं.

म्हणून शाळेमागच्या वस्तीत चाळीस वर्षं चूल पेटत असली तरी ती गावठाण होत नाही. ग्रामपंचायत तिथं घरपट्टी घेते, नमुना 8ला नोंद करते, तेवढ्यानेही होत नाही. या नमुना 8चा घोळ वेगळाच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही मालमत्तेवरच्या कर आकारणीची नोंदवही, आणि तलाठ्याकडचा आठ-अ हा खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा. 'माझ्याकडे आठ आहे' असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, कोणाचा आठ? ग्रामपंचायतीच्या आठवरून जमीन कोणाची आणि कशासाठी हे ठरत नाही.

आता हद्दीला एवढं महत्त्व का, तर मोजायला तिथूनच सुरुवात होते. संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन, नियमांत बसत असेल तर, राहण्यासाठी बिनशेती झाली असं मानता येतं. ठरलेले पैसे भरायचे, वेगळ्या परवानगीसाठी खेटे नाहीत. रेषा शंभर मीटर पुढे गेली की ते 200 मीटरही पुढे सरकतात. केळीचा बाग रेषेच्या कडेला असलेला माणूस ग्रामसभेत एवढा हिरिरीने का बोलतो, ते यावरून कळेल. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली तीही गावठाणाची. त्यामुळे आत राहणाऱ्याच्या हाती मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) येते आणि मळ्यात राहणारा सातबाऱ्यावरच राहतो.

दुसऱ्या गृहस्थांचा एन.ए. हा या सगळ्यातला सर्वांत रुळलेला शब्द. कायद्याच्या मराठीत 'अकृषिक', व्यवहारात 'बिनशेती', काही जाहिरातींत 'बिगरशेती'. तिन्ही एकच. मला 'बिनशेती' आवडतो. 'बिन' हा 'विना'वरून आलेला, बिनचूक-बिनतोडच्या घरातला. 'बिगर' फारसीतून आला, तोही आता आपलाच. 'अकृषिक' मात्र उच्चारला की साहेबाच्या खुर्चीचा वास येतो. या शब्दांचा संबंध जमिनीच्या वापराशी आणि त्यावरच्या कराशी आहे, गाव कुठं संपतं याच्याशी नाही. गावठाणाबाहेर बिनशेती असते, आणि गावठाणात ती मुळात मागावी लागत नाही.

जाता जाता एक क्रियापद. आपण प्लॉट 'करत' नाही, 'पाडतो'. कायद्यातही तेच आहे, 1947च्या तुकडेबंदी कायद्याच्या नावात जमिनींचे तुकडे 'पाडण्यास' प्रतिबंध आहे. मराठीत नाणी पाडतात, पायंडा पाडतात, भाव पाडतात. प्लॉट पाडताना यातलं काय काय होतं ते ज्याने त्याने ठरवावं. 2023 साली बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीचा चालेल असा सगळ्यांत लहान तुकडा, बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलं. त्याखालचा तुकडा पाडून विकला आणि जागेवर दगड रोवून 'इथवर तुझं' म्हटलं, तरी सातबाऱ्यावर नाव लागताना अडू शकतं.

ठरावात गायरान घ्यायचं घाटत असेल तर तिथंही शब्दाकडे बघा. आपल्याकडे 'गावरान जमीन' असं बिनदिक्कत म्हणतात. गावरान कोंबडी ठीक आहे. जमीन गायरान, म्हणजे गायीगुरांचं रान. कागदावर ती बहुधा 'गुरचरण' म्हणून असते. 'गावरान' म्हटलं की ती गावाच्या मालकीची, गाव ठरवेल तसं, असा भास होतो. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये अशा सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं आणि त्याच वर्षी 12 जुलैला राज्याचा शासन निर्णय निघाला. तेव्हापासून गायरान मागणं सोपं राहिलेलं नाही.

राहिला झोन. हा शब्द तिसऱ्याच कार्यालयातून येतो, नगररचनेतून. प्रादेशिक योजनेच्या नकाशात राहण्याची जागा पिवळी आणि शेती हिरवी रंगवतात, म्हणून येलो आणि ग्रीन. रंग पिवळा झाला म्हणजे तिथं घरं बांधायला नियोजनाची हरकत नाही. पण त्याने गावठाणाची हद्द हलत नाही, आणि बिनशेतीचे पैसे भरून नोंद व्हायची राहतेच.

शासकीय मराठीत झोनला 'विभाग' म्हणतात, आणि हा शब्द मला घातक वाटतो. 'तुमची जमीन कृषी विभागात आहे' हे वाक्य एखाद्या शेतकऱ्याला ऐकवून बघा. जमीन कृषी खात्याने घेतली की काय म्हणून तो माणूस जेवणार नाही. 'पट्टा' चांगला होता, 'हरित पट्टा' वृत्तपत्रांत रुळलाही आहे. पण चोपड्याहून वर सातपुड्यात किंवा नंदुरबारकडे गेलात की पट्टा म्हणजे वनपट्टा, 2006च्या वनहक्क कायद्याने मिळालेला कागद. अक्राणीत 'पट्टा बदलणार' असं माईकवरून म्हणाल तर सभा उधळेल. आणि त्या डोंगरात गावठाणाचीच पंचाईत आहे. भिल्ल-पावरांची घरं ज्याच्या त्याच्या शेतात, पाड्यापाड्याने विखुरलेली. जिथं गाव एका जागी साचलंच नाही तिथं पांढरी कुठली आणि तिच्याभोवती रेषा कुठून आखायची? आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याने 1996 मध्ये पाड्यालाही गाव मानायची वाट ठेवली, ती याच लोकांसाठी.

खानदेशाकडे स्वतःचा एक शब्द होता, 'फड'. पांझरा नदीच्या बंधाऱ्यांखाली थळाचे, म्हणजे त्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे, फड पाडून कोणत्या फडात यंदा ऊस आणि कोणत्यात भुसार हे गाव मिळून ठरवायचं, आणि ते सगळ्यांना बांधील असायचं. जमिनीच्या वापराचा नियम गावाने स्वतः करून पाळला त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तरी झोनसाठी फड सुचवणार नाही. तो पिकाचा आणि पाण्याचा शब्द आहे, आणि आज फड म्हटलं की निम्म्या लोकांना तमाशा नाहीतर कुस्ती आठवते.

तेव्हा झोनला झोनच म्हणा, 'येलो'ऐवजी 'रहिवास झोन' म्हणा. ठरावात शाळेमागच्या भागाला 'गावठाणालगतची वस्ती' लिहा, गट नंबर टाका, आणि मागणी 'कलम 122 प्रमाणे गावठाणाची हद्द वाढवावी' अशी ठेवा. झोन बदलायचा असेल तर तो अर्ज वेगळा, दुसऱ्या दाराने. दोन्ही एकाच ठरावात घातलं तर दोन्ही कार्यालयं ते एकमेकांकडे पाठवत बसतील. आबांचं 'पांढरी' इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवायला हरकत नाही. ते चुकीचं बोलत नव्हते, त्यांना फक्त रेषेचं विचारलं गेलं होतं.