वाचकांचे प्रश्न : तात्पर्याच्या आधी थांबा

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. रोज रात्री मी त्याला गोष्ट वाचून दाखवते आणि तात्पर्यही समजावते. तरीही कोणी त्याचा चेंडू घेतला, की तो ढकलाढकली करतो, नाहीतर रडत घरी येतो. मग गोष्टींचा उपयोग काय?
— एक पालक, सातारा

उत्तर : उपयोग आहे, मात्र तात्पर्याची घाई सोडावी लागेल. ‘भांडू नये’ हे आपल्या मुलाला ठाऊक असणारच. चेंडू गेल्यावर न भांडता नेमके काय करायचे, हे त्याला सुचत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मर्ना शुअर आणि जॉर्ज स्पिव्हॅक या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या अशाच अडचणींचा अभ्यास केला आणि मुलांना उत्तरे पुरवण्याऐवजी एका पेचातून निघण्याचे अनेक मार्ग व प्रत्येकाचा परिणाम त्यांनाच शोधू देण्यावर भर दिला.

चिऊ-काऊची गोष्टच घ्या. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला काऊ दार वाजवतो आहे आणि चिऊ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ म्हणत दार उघडत नाही. येथेच थांबावे. काऊला काय वाटत असेल, चिऊला कशाची धास्ती असेल, हे विचारून मग काऊने काय करावे, असे विचारावे. ‘दार तोडावे’ हे उत्तर आले, तर रागावू नये. (मोठ्यांचेही पहिले उत्तर फारसे वेगळे नसते.) ‘मग काय होईल?’ आणि ‘आणखी काय करता येईल?’ एवढेच विचारत राहावे. काही घरांत ही गोष्ट काऊला चटका बसून संपते. तो शेवट निदान एखाद्या रात्री बाजूला ठेवावा, कारण दुष्टाला शिक्षा झाली की विचार करण्यासारखे काही उरत नाही.

प्रत्यक्ष भांडणाच्या वेळी मात्र काऊची आठवण करून देऊ नये. तो टोमणा वाटतो. राग निवल्यावर, संध्याकाळी, चेंडूबाबतही तेच दोन प्रश्न विचारावेत, त्याने निवडलेला उपाय त्यालाच करून पाहू द्यावा आणि तो फसला तर दुसरा शोधू द्यावा.

पुस्तक निवडताना दोन्ही बाजूंचे थोडेथोडे खरे आहे, अशी गोष्ट पाहावी. आपल्याच जिल्ह्यातील भिलार २०१७पासून ‘पुस्तकांचे गाव’ आहे आणि तेथे घराघरांत पुस्तके वाचायला ठेवलेली आहेत. सुट्टीत तेथे नेऊन निवड मुलावरच सोपवावी. त्याने पुन:पुन्हा एकच गोष्ट मागितली, तरी कंटाळू नये. पुढे काय होणार हे माहीत झाले, की त्याचे लक्ष दाराबाहेर भिजणाऱ्या काऊकडे जाते.