गन शोचं तिकीट वसूल होतं का?

तुमच्या काउंटीच्या फेअरग्राउंडवर दर दोन महिन्यांनी गन शो, म्हणजे बंदुकांचा बाजार, भरतो, तिकीट १५ डॉलर, पार्किंगचे वेगळे, तर जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी ओक्लाहोमात राहतो आणि गेली दहा-अकरा वर्षं असे शो बघतोय. स्वस्तात पिस्तूल मिळेल म्हणून जाणार असाल तर नका जाऊ. बघायला, हातात धरून पारखायला आणि जाणत्या माणसांशी बोलायला जाणार असाल तर जरूर जा. पण प्रत्येक शोला नाही, वर्षातून एक-दोनदा पुरे.

त्याआधी एक महत्त्वाचं. तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात ते प्रश्नात नाही. एच-वन-बी किंवा एफ-वनवर असाल तर फेडरल कायद्यानं १९९८ पासून बंदूकच काय, गोळ्यांचा डबाही जवळ बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट आहे, पण तिच्या भरवशावर काही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. नुसतं आत जाऊन बघायला हरकत नाही. वस्तू हातात घेण्याचा मोह मात्र टाळा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

आता पैशांचं. नव्या पिस्तुलाचा भाव डीलरच्या टेबलावर साधारण दुकानातलाच असतो. ऑनलाइन मागवलं तर ते गावातल्या डीलरमार्फत घ्यावं लागतं आणि तो ट्रान्सफर फी घेतो, ती इथे वाचते, पण तेवढे पैसे तिकीट आणि पार्किंगमध्येच जातात. शोमध्ये चौकशीशिवाय बंदूक मिळते असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. परवानाधारक डीलरकडून घेतली तर तिथंही खरेदीदाराच्या माहितीचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि बॅकग्राउंड चेक होतो. खासगी विक्रेत्याला फेडरल कायद्यानं ती सक्ती नाही, आणि आमच्या ओक्लाहोमात किंवा शेजारच्या टेक्सासात राज्याचीही नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडोत खासगी व्यवहारही डीलरमार्फतच करावा लागतो. मी इथंही तसंच करतो. समोरचा कोण आहे आणि वस्तू कुठून आली हे मला माहीत नसतं. थोडी फी गेली तरी चालेल.

एका बाबतीत मी ठाम आहे: घरी दारू भरून बनवलेल्या गोळ्या टेबलावरून घेऊ नका. सुरुवातीच्या काळात एका शोमध्ये प्लास्टिकच्या पिशवीतल्या शंभर गोळ्या स्वस्त मिळाल्या म्हणून घेतल्या. नेमबाजीच्या रेंजवर पाचव्या-सहाव्या गोळीला नेहमीचा धडाका झालाच नाही, नुसता ‘फट्’ असा आवाज आला. मी पुन्हा चाप ओढणार तेवढ्यात शेजारच्या लेनमधले आजोबा ‘थांब’ म्हणून ओरडले. गोळी नळीतच अडकली होती. दारू कमी पडली की असं होतं, आणि त्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटू शकते. पिशवीवर नाव ना पत्ता. पुढच्या शोला तो विक्रेता दिसला नाही. तेव्हापासून कंपनीच्या सीलबंद खोक्याशिवाय मी काही घेत नाही.

मग तिकीट वसूल कुठं होतं? जुन्या वस्तूंच्या टेबलांवर. आमच्याकडे टल्साला वर्षातून दोनदा वॅनेनमाकर शो भरतो, एका छताखाली ११ एकर. पुण्याच्या जुन्या बाजारात जसा एखादा माणूस आपल्या मालाचा इतिहास सांगत बसतो, तशी माणसं तिथं भेटतात. एका टेबलावर दोन रायफली शेजारी ठेवल्या होत्या. पहिलीवर मुकुट, खाली जी. आर. आय. ही सम्राट जॉर्जची आद्याक्षरं, मग इशापूर आणि १९४२. ती आपली थ्री-नॉट-थ्री. दुसरीवर आर. एफ. आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, तोच बंगालमधला कारखाना, पण १९६२ च्या चीन युद्धानंतर बनलेली ७.६२ ची टू-ए-वन. म्हाताऱ्या मालकानं दोन्ही माझ्या हातात दिल्या आणि मॅगझिनच्या पुढं लाकडातून आरपार गेलेला मजबुतीचा स्क्रू बोटानं दाखवला. जुनीच्या नेम धरायच्या साइटवर २००० यार्डांपर्यंत आकडे, नवीच्या ८०० मीटरपर्यंतच. थ्री-नॉट-थ्रीचा जडपणा हातात जाणवला तेव्हा २६/११ च्या रात्री सीएसटीवर अशाच रायफली घेऊन उभे असलेले पोलीस डोळ्यांसमोर आले. मी बराच वेळ ती खाली ठेवली नाही. असं दुकानात किंवा फोनच्या पडद्यावर होत नाही. त्या दिवशी मी काहीच विकत घेतलं नाही, तरी तिकिटाचे पैसे वाया गेले असं मनातही आलं नाही.

तेव्हा आधी आयोजकांना फोन करून विचारा, संग्राहकांची टेबलं किती असतात. बहुतेक जागा चाकू, टी-शर्ट आणि बीफ जर्कीनं भरलेली असेल तर घरीच बसा. जुन्या वस्तू बघायच्या तर शनिवारी दार उघडताच जा. घासाघीस करायची तर रविवारी दुपारी, आवराआवर सुरू झाल्यावर, रोख पैसे घेऊन.

आणि शोला किंवा रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.