जित्याची खोड आणि आपण

स्वभाव बदलता येतो का, या प्रश्नावर ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं तू लिहिलंस, ते मीही वर्षानुवर्षं मानत होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनेही 1890 मध्ये लिहिलं होतं की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. पुढच्या अभ्यासांत मात्र वेगळंच दिसलं. 2006 मध्ये लोकांच्या 92 गटांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात शिस्त आणि भावनिक स्थैर्य विशेषतः विशी ते चाळिशीत वाढताना आढळलं. थोडक्यात, काही बदल तर आपण काही न करताही होतात.

पण मुद्दाम बदलायचं असेल तर ‘मी रागीट आहे’ हे वाक्य आधी सोड. राग नेमका कधी येतो ते आठवडाभर टिपून ठेव. माझा तर निम्मा राग झोप न झाल्याचा निघाला (बायको हे आधीपासूनच सांगत होती म्हणा). मग एकच प्रसंग निवड आणि तेवढ्यापुरतं वेगळं वाग. नुसता संकल्प करून हाती काही लागत नाही. आणि ‘21 दिवसांत सवय लागते’ असल्या गोष्टींवर विसंबू नकोस. 2010 च्या एका अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 ते 254 दिवस लागले होते.

मूळ पीळ थोडा राहतोच. मी अजूनही चिडतो, फक्त आता तासाभरात फोन करून माफी मागतो.